क्रुसेडचा जमाखर्च



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहासावर बोलणारे मोठमोठे विद्वान येऊन गेले आहेत. आम्ही त्या पंक्तीतले नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये. मात्र तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करता करता एक खोड आमच्या अंगी मुरली आहे. कोठे संप झाला असे कळले की आम्ही चार प्रश्न विचारतो. हाक कोणी दिली? बाहेर कोण पडले? झळ कोणी सोसली? आणि समेट झाला तेव्हा सुटले कोण आणि अडकले कोण? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की फलकावर काय लिहिले होते याला फारसे महत्त्व उरत नाही.

आज हेच चार प्रश्न आम्ही नऊशे वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड घडामोडीस विचारणार आहोत. युरोपातले ख्रिस्ती आणि पश्चिम आशियातले मुसलमान यांच्यात इ. स. १०९६ पासून १२९१ पर्यंत जी युद्धे झाली, ज्यांना आपण इंग्रजीवरून क्रुसेड म्हणतो, त्यांचा हा जमाखर्च आहे. ही युद्धे कधीच संपली. पण त्यांचे नाव संपलेले नाही. दोन धर्म हजार वर्षे एकमेकांशी लढत आले आहेत आणि लढतच राहणार, असे आजही दोन्ही बाजूंचे लोक छातीठोकपणे सांगतात. ते खरे आहे काय, एवढेच आपणांस पाहावयाचे आहे.

हाक

अकराव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडील ख्रिस्ती साम्राज्य, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचे बायझंटाइन राज्य, संकटात होते. १०७१ मध्ये मान्झिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी त्याच्या सम्राटास पाडाव केले आणि आशिया मायनरचा मोठा मुलूख हातचा गेला. पुढे सम्राट अलेक्सियस याने पश्चिमेकडे मदत मागितली. त्याला हवे होते भाडोत्री, कसलेले स्वार. पण रोमचा पोप दुसरा अर्बन याने त्या मागणीचे रूपच पालटून टाकले. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ येथे त्याने भर मैदानात भाषण केले आणि जेरुसलेम सोडविण्यासाठी निघा, अशी हाक दिली.

त्या भाषणाचे जे वृत्तांत उपलब्ध आहेत ते सारे जेरुसलेम पडल्यानंतर लिहिलेले. त्यांतला एक, रॉबर्ट नावाच्या मठवासीयाचा, असे सांगतो की तुमची भूमी अपुरी आहे, माणसे फार झाली आहेत, म्हणून तुम्ही आपसांत मारामाऱ्या करता, असेही पोप म्हणाला. पण परिषदेचा ठराव पाहिला तर त्यात अट स्पष्ट आहे : जो मानासाठी वा पैशासाठी नव्हे, तर केवळ भक्तीने जाईल, त्याची ही यात्रा पूर्ण प्रायश्चित्त म्हणून धरली जाईल. ‘यात्रा’ हाच शब्द त्या काळी रूढ होता. क्रुसेड हे नाव पुष्कळ पुढचे. यात्रेकरू खांद्यावर कापडाचा क्रूस शिवून घेत, त्यावरून ते पडले.

येथे आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसास एक मोह होतो. सारे काही पोटासाठी झाले, धर्म हा नुसता बुरखा होता, असे म्हणून मोकळे व्हावे असे वाटते. पण पुरावा तसे म्हणू देत नाही. त्या काळची गहाणखते उपलब्ध आहेत. गॉडफ्रे या सरदाराने आपला बुइयाँचा किल्ला लिएजच्या बिशपाकडे गहाण टाकला. नॉर्मंडीच्या रॉबर्टने आपली सबंध जहागीर दहा हजार मार्क चांदीवर आपल्या भावाकडे, इंग्लंडच्या राजाकडे, गहाण ठेवली. लुटीच्या आशेने निघालेला माणूस घर गहाण टाकून निघत नाही. श्रद्धा खरी होती. आणि म्हणूनच ही गोष्ट अधिक गंभीर आहे. खोटी श्रद्धा कोणाला दोन हजार मैल पायी नेत नाही. खऱ्या श्रद्धेलाच कामाला जुंपता येते.

बाहेर पडले कोण

सरदारांचे सैन्य निघण्याचा दिवस ठरला होता १५ ऑगस्ट १०९६. गोरगरिबांना इतका धीर निघाला नाही. पीटर नावाच्या एका बैराग्याच्या मागे शेतकरी, मजूर, बायामुले, थोडे स्वार असा लोंढा वसंतातच निघाला. याच सुमारास ऱ्हाइन नदीकाठी दुसऱ्या टोळ्या जमल्या. मुसलमान फार दूर होते. परंतु ज्यू शेजारीच राहत होते. १०९६ च्या मे महिन्यात वर्म्स आणि माइन्झ या नगरांत ज्यू लोकांच्या वस्त्या कापून काढण्यात आल्या. स्पायरच्या बिशपाने आपल्या नगरातील बहुतेकांना वाचविले, हेही नमूद केले पाहिजे. पण जेरुसलेमच्या नावाने जमलेल्या जमावाने पहिले मोठे रक्त सांडले ते तेथून शेकडो कोस दूर, आपल्याच गावातल्या शेजाऱ्यांचे. परक्याविरुद्ध उगारलेली काठी आधी शेजाऱ्याच्या डोक्यात बसते, हे त्या काळीही खरे होते.

पीटरच्या मागून गेलेल्या गरिबांचे काय झाले? बॉस्फरस ओलांडून आशियात उतरताच २१ ऑक्टोबर १०९६ रोजी तुर्कांनी त्यांची दाणादाण उडविली. बहुतेक मेले, उरले ते गुलाम झाले. पीटर त्या दिवशी कॉन्स्टँटिनोपलमध्ये होता, तो वाचला. हाक देणारे वाचतात, हा अनुभव आम्हांस नवा नाही.

मागून आलेल्या सरदारी फौजांनी १०९८ मध्ये अँटिऑक घेतले आणि १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम. मुसलमानांची कत्तल झाली. ज्यू लोकांना त्यांच्या प्रार्थनामंदिरात कोंडून जाळले, असे दमास्कसचा इतिहासकार इब्न अल्-कलानिसी लिहितो. यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ज्या तुर्कांविरुद्ध हाक दिली होती ते तुर्क त्या वेळी जेरुसलेममध्ये नव्हतेच. आदल्याच वर्षी कैरोच्या फातिमी खलिफाच्या सैन्याने ते शहर तुर्कांकडून जिंकून घेतले होते. फातिमी शिया, सेल्जुक सुन्नी, दोघांचे हाडवैर. १०९२ मध्ये सेल्जुक सुलतान मलिकशहा वारल्यावर त्याच्या वारसांत भाऊबंदकी माजली होती. मुसलमानी जग एकजुटीने उभे होते आणि ख्रिस्ती जग एकजुटीने त्यावर तुटून पडले, हे चित्र पहिल्या दिवसापासून खोटे आहे. ११०५ मध्ये दमास्कसच्या अल्-सुलामी या पंडिताने, आपसांतल्या फुटीमुळे हे संकट आले, आता जिहाद करा, असे कळवळून सांगितले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

लढाईच्या मधली वर्षे

फ्रँकांनी, म्हणजे या पश्चिमेकडील ख्रिस्ती लोकांनी, चार राज्ये स्थापिली : एडेसा, अँटिऑक, त्रिपोली आणि जेरुसलेम. जवळजवळ दोनशे वर्षे ते त्या किनाऱ्यावर राहिले. शाळेच्या पुस्तकांत लढाया तेवढ्या येतात. पण लढाया वर्षातून काही दिवस होत, आणि कित्येक वर्षे होतही नसत. मधल्या काळात माणसे काय करीत होती? नांगरत होती, कापत होती, माल विकत होती.

शायझरचा उसामा हा अरब सरदार जन्मभर फ्रँकांशी लढला आणि जन्मभर त्यांच्यात त्याचे मित्र होते. त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. जेरुसलेममध्ये टेंपलर नावाच्या लढवय्या साधूंचा तळ अल्-अक्सा मशिदीत होता. तेच त्याला लगतच्या एका छोट्या जागी नमाज पढू देत. एकदा नुकताच युरोपातून आलेला एक फ्रँक मध्ये घुसला आणि असा नव्हे, पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना कर, म्हणून त्याला वळवू लागला. टेंपलरांनी त्या नव्या पाहुण्यास धरून बाहेर काढले आणि उसामाची माफी मागितली. द्वेषाचा ताजा माल बाहेरून येई. तेथे राहणाऱ्यांना शेजार सांभाळावा लागे.

११८४ मध्ये इब्न जुबैर हा स्पेनमधला मुसलमान यात्रेकरू दमास्कसहून अक्का बंदराकडे निघाला. त्या वेळी सलाहुद्दीन फ्रँकांच्या केराक किल्ल्यास वेढा घालून बसला होता. तरी दमास्कस ते अक्का व्यापाऱ्यांचे तांडे बिनघोर चालू होते. दोन्ही बाजू एकमेकांच्या व्यापाऱ्यांकडून जकात घेत आणि त्यांना हात लावीत नसत. याचे त्याला मोठे नवल वाटले. अक्क्याच्या जकातनाक्यावरील ख्रिस्ती कारकून अरबी बोलत आणि हिशेब अरबीत लिहीत.

याहून मोलाची नोंद पुढे आहे. वाटेत त्याला फ्रँकांच्या ताब्यातली मुसलमान शेतकऱ्यांची गावे लागली. ती कुळे सुगीच्या वेळी निम्मे पीक देत, माणशी एक दिनार पाच किरात असा कर देत आणि फळझाडांवर थोडी पट्टी. बाकी घरदार, कारभार त्यांच्याच हाती. इब्न जुबैरला हे पाहून आनंद झाला नाही, दुःख झाले. कारण मुसलमान जमीनदारांच्या गावांतील मुसलमान कुळे यांच्यापेक्षा हलाखीत होती आणि आपल्या धर्माच्या मालकाबद्दल तक्रार करीत होती. म्हणजे कुळाच्या दृष्टीने प्रश्न मालकाच्या धर्माचा नव्हता, खंडाच्या दराचा होता. तथापि त्याच प्रवासात त्याने बेड्या घातलेले मुसलमान कैदी, स्त्रियासुद्धा, वेठीने राबताना पाहिले. त्या राज्यांना गोडवा चढविण्याचे कारण नाही. एवढेच म्हणावयाचे की तेथले रोजचे जीवन दोन धर्मांच्या झुंजीच्या एका ओळीत बसत नाही.

राज्यकर्त्यांचेही तसेच. ११४० मध्ये दमास्कसचा मुसलमान अमीर आणि जेरुसलेमचा ख्रिस्ती राजा यांनी मोसलच्या झंगीविरुद्ध उघड तह केला होता. झंगीने ११४४ मध्ये एडेसा घेतल्यावर दुसरे क्रुसेड आले, आणि त्याने ११४८ मध्ये वेढा घातला कोणाला? या जुन्या मित्राला, दमास्कसला. तोही चार दिवसांत उठवावा लागला.

झळ आणि समेट

आता सलाहुद्दीनकडे वळू. तिक्रीतमध्ये जन्मलेला हा कुर्द सरदार इजिप्तचा धनी झाला, ११७१ मध्ये त्याने फातिमी खिलाफत संपविली आणि नंतरची बरीच वर्षे मुसलमान प्रतिस्पर्ध्यांशी लढण्यात घालविली. ४ जुलै ११८७ रोजी हत्तीनच्या टेकड्यांपाशी त्याने जेरुसलेमच्या सैन्याचा चुराडा केला, आणि २ ऑक्टोबर रोजी शहर शरण आले. १०९९ सारखी कत्तल झाली नाही, ही त्याची कीर्ती योग्यच आहे. हत्तीननंतर पकडलेल्या टेंपलर व हॉस्पिटलर साधूंची मात्र त्याने मुंडकी उडविली, हे विसरू नये. तिसऱ्या क्रुसेडचा इंग्रज राजा रिचर्ड याने २० ऑगस्ट ११९१ रोजी अक्क्यात सुमारे २,७०० मुसलमान कैदी कापले. कोणा एका बाजूला देवमाणूस ठरविण्याचा हा विषय नव्हे.

आम्हांस अधिक बोलका वाटतो तो जेरुसलेमच्या शरणागतीचा करारनामा. पुरुषाने दहा दिनार, स्त्रीने पाच दिनार भरावे आणि चाळीस दिवसांत बाहेर पडावे. ज्यांच्याजवळ पैसा नाही ते गुलाम. शहरात आसपासच्या खेड्यांतून आलेले निर्वासित खच्चून भरले होते. तीस हजार दिनारांची एकमुठी रक्कम देऊन सात हजार गरिबांना सोडविण्यात आले. सलाहुद्दीनच्या भावाने एक हजार माणसे मागून घेतली आणि सोडून दिली. खुद्द सलाहुद्दीननेही म्हाताऱ्याकोताऱ्यांना जाऊ दिले. तरी सुमारे पंधरा हजार माणसे उरली, असे सलाहुद्दीनचा चिटणीस इमादुद्दीन लिहितो. त्याच वेळी जेरुसलेमचा मुख्य धर्मगुरू हेराक्लियस आपले दहा दिनार मोजून, चर्चचे सोनेनाणे, गालिचे घेऊन वेशीबाहेर पडला. अमिरांनी तक्रार केली. पण दिलेला शब्द मोडणार नाही, असे सलाहुद्दीनने सांगितले. श्रोतेहो, त्या वेशीवर क्षणभर उभे राहून पाहा. सोने बाहेर चालले आहे आणि त्याच सोन्याने जी सुटली असती ती माणसे बाजाराकडे चालली आहेत. धर्मगुरू त्यांचाच, चर्च त्यांचेच.

इकडे युरोपात ११८८ मध्ये ‘सलाहुद्दीन-पट्टी’ बसली. इंग्लंडात प्रत्येकाच्या उत्पन्नाचा व जंगम मालाचा दहावा हिस्सा, आणि तो गावोगावच्या चर्चमधून वसूल. जो क्रूस घेऊन युद्धावर जाईल त्याला माफी. जो घरी राबेल त्याने भरावे. फ्रान्समध्ये ओरड इतकी झाली की राजाला ती पट्टी मागे घ्यावी लागली. पण राजाने प्रजेच्या मिळकतीची मोजदाद करून सरसकट कर घ्यावयाचा, ही युक्ती राज्यकर्त्यांना सापडली ती सापडलीच. युद्धे संपली, कर राहिले.

नावेच्या भाड्याची गोष्ट

हिशेबाची वही सर्वांत स्वच्छ उघडते ती चौथ्या क्रुसेडमध्ये. १२०१ मध्ये सरदारांच्या वकिलांनी व्हेनिसशी करार केला : ३३,५०० माणसे आणि ४,५०० घोडे नेण्यासाठी जहाजे व वर्षाची रसद, भाडे ८५ हजार मार्क चांदी. व्हेनिसने आपला बहुतेक व्यापार थांबवून जहाजे बांधली. १२०२ मध्ये प्रत्यक्ष आली जेमतेम एक तृतीयांश माणसे. झोळ्या झटकूनही ३४ हजार मार्क कमी पडले. मग व्हेनिसने तोड सुचविली : आमच्याविरुद्ध उठलेले झारा शहर घेऊन द्या, बाकीचे पुढे पाहू. झारा ख्रिस्ती होते, आणि ज्याच्या छत्राखाली ते होते त्या हंगेरीच्या राजाने स्वतः क्रूस घेतला होता. तरी ते लुटले गेले. नंतर पदच्युत बायझंटाइन सम्राटाचा मुलगा भेटला. मला गादीवर बसवा, दोन लाख मार्क देतो, म्हणाला. तो पैसा उभा राहिला नाही. तेव्हा एप्रिल १२०४ मध्ये क्रूसधारी सैन्याने जगातले सर्वांत वैभवशाली ख्रिस्ती शहर, कॉन्स्टँटिनोपल, तीन दिवस लुटले. जे साम्राज्य वाचविण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी मदत मागितली गेली होती, तेच मदतनिसांनी फोडून खाल्ले. व्हेनिसच्या वाट्यास तीन अष्टमांश आले. तेथून नेलेले चार पितळी घोडे आजही व्हेनिसच्या सेंट मार्कच्या मंदिरात आहेत.

पोप तिसरा इनोसंट याने झाराबद्दल बहिष्काराचे शस्त्र उगारले होते, लुटीबद्दल संतापही व्यक्त केला. पण ज्या अवजाराला एकदा धार लावली त्याचा दांडा नेहमी आपल्याच हाती राहील, हा त्याचा भरवसा व्यर्थ ठरला. आणि त्यानेच पुढे १२०९ मध्ये तेच अवजार दक्षिण फ्रान्समधील पाखंडी ठरविलेल्या ख्रिस्ती लोकांवर चालविले. मुसलमानाविरुद्ध निघालेली पापक्षमेची सनद ज्यू, ग्रीक, फ्रेंच, बाल्टिक किनाऱ्यावरचे लोक अशा सर्वांविरुद्ध फिरली.

मग तडजोडीचा रस्ता नव्हता काय? होता. १२२९ मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक याने इजिप्तचा सुलतान अल्-कामिल याच्याशी बोलणी करून दहा वर्षांचा तह केला. जेरुसलेम ख्रिस्ती राजाकडे, मशिदींचा परिसर मुसलमानांकडे, एकाही लढाईवाचून. या तहाबद्दल दोघांनाही फुले मिळाली नाहीत, शिव्या मिळाल्या. फ्रेडरिकवर पोपचा बहिष्कार होता. अल्-कामिलविरुद्ध दमास्कसच्या मशिदीत शोक झाला. समेट करणाऱ्यास दोन्ही बाजूंनी दगड खावे लागतात.

१२४४ मध्ये जेरुसलेम पुन्हा गेले. इजिप्तमध्ये मामलुकांचे, म्हणजे गुलाम-सैनिकांचे, राज्य आले. काळ्या समुद्राकाठची मुले विकत घेऊन त्यांतून हे सैनिक घडवीत, आणि त्या मुलांची वाहतूक पुढे बरीचशी जेनोआच्या ख्रिस्ती जहाजांतून होई. इजिप्तला लाकूड, लोखंड विकू नये असे पोपचे हुकूम होते. इटालियन व्यापारी विकीतच राहिले. १८ मे १२९१ रोजी मामलुकांनी अक्का घेतले आणि दोनशे वर्षांचा हा खेळ त्या किनाऱ्यावर संपला.

बाकी काय उरली

आता परिणामांचा विचार. क्रुसेडमुळे अरबांची विद्या युरोपात गेली आणि युरोप जागा झाला, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे श्रेय लढाईला देणे बरोबर नव्हे. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणणारा क्रेमोनाचा जेरार्ड स्पेनमध्ये टोलेडो येथे बसून भाषांतरे करीत होता. अल्-इद्रीसीने ११५४ मध्ये भूगोलाचा महाग्रंथ पुरा केला तो सिसिलीच्या ख्रिस्ती राजाच्या आश्रयाने. आणि ज्यांना युरोप अरबी आकडे म्हणतो ते आपले भारतीय अंक पिसाच्या लिओनार्डोने उत्तर आफ्रिकेच्या बंदरात, बापाच्या जकातीच्या कामाच्या निमित्ताने शिकून १२०२ मध्ये पुस्तकात मांडले; ते भारतीयांचे आहेत हे त्याने स्पष्ट लिहिले आहे. विद्या बाजारातून, भाषांतरकाराच्या टेबलावरून गेली. तलवारीने गेली ती फार तर साखर. टायरच्या आसपास फ्रँकांनी उसाचे मळे चालविले आणि युरोपला गोडीची चटक लागली. आपली शर्कराच अरबीत सुक्कर झाली होती.

दुसरा परिणाम अधिक खोल. ग्रीक आणि रोमन चर्चमधली फूट १०५४ ची. पण ती सामान्य माणसाच्या मनात रुतली १२०४ च्या लुटीने. ही जखम किती चिवट होती पाहा : मे २००१ मध्ये पोप दुसरा जॉन पॉल अथेन्सला गेला तेव्हा त्याला त्या लुटीबद्दल आठशे वर्षांनी खेद व्यक्त करावा लागला.

तिसरा परिणाम आपल्या दारापर्यंत येतो. ११४७ मध्ये पॅलेस्टाइनला निघालेल्या क्रूसधारी आरमाराने वाटेत पोर्तुगालच्या राजास लिस्बन मुसलमानांकडून जिंकून दिले. टेंपलरांचा पंथ १३१२ मध्ये पोपने मोडला, तेव्हा पोर्तुगालमध्ये त्यांच्या मालमत्तेवर १३१९ मध्ये ‘ख्रिस्ताचा पंथ’ या नावाचा नवा पंथ उभा राहिला. राजपुत्र हेन्री याच पंथाचा कारभारी. याच पंथाच्या उत्पन्नावर आफ्रिकेच्या किनाऱ्याने जहाजे निघाली, आणि शिडांवर याच पंथाचा क्रूस होता. १४५५ मध्ये पोपच्या फर्मानाने पोर्तुगालच्या राजास सारासेन आणि मूर्तिपूजक यांचे मुलूख जिंकून त्यांना दास करण्याची मुभा मिळाली. ‘मूर्तिपूजक’ हा शब्द आपण नीट ऐकावा. जेरुसलेमशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता ते आपण त्या शब्दात आलो. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला आणि तेथील मुसलमानांची कत्तल केली. त्या कामी तिमोजा हा हिंदू दर्यावर्दी त्याच्या मदतीस होता. शत्रूचा शत्रू तो मित्र, असा हिशेब असावा. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळे पाडली गेली आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन बसले. दुसऱ्याविरुद्ध निघालेल्या सनदेवर आपले नाव पुढच्या ओळीत असू शकते, हा धडा गोव्याच्या इतिहासात आहे.

चौथा परिणाम स्मृतीचा, आणि तोच आजचा खरा प्रश्न. हजार वर्षे सलग धुमसणारे वैर, असे जे म्हणतात त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्या. अरबी इतिहासकार या युद्धांना फ्रँकांशी झालेल्या लढाया म्हणत. मंगोलांनी बगदाद बुडविले त्यापुढे त्यांना हे संकट लहान वाटे. ‘क्रूसाची युद्धे’ हा शब्दप्रयोग अरबीत आला एकोणिसाव्या शतकात, फ्रेंच पुस्तकांची भाषांतरे होऊ लागली तेव्हा. या विषयावर अरबीतला पहिला स्वतंत्र इतिहास १८९९ मध्ये कैरोत निघाला. युरोपातही विझलेली शेगडी याच शतकात फुंकली गेली. १८३० मध्ये फ्रान्सने अल्जीरियावर चढाई केली. १८४३ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात क्रुसेडची दालने उघडली. त्यांत आपल्या घराण्याची ढाल लागावी म्हणून सरदार घराणी धडपडू लागली, आणि पूर्वज क्रुसेडवर गेले होते असे दाखविणारी बनावट कागदपत्रेही विकली गेली. नवी वसाहत हवी, तिला जुना वारसा हवा, आणि वारसा नसला तर तो पैसे टाकून मिळतो!

पुढची माळ आपणच ओवा. १८९८ मध्ये जर्मन कैसर दमास्कसला जाऊन सलाहुद्दीनच्या थडग्यावर पुष्पचक्र वाहतो; त्याला तुर्की सुलतानाची मैत्री हवी आहे. ११ डिसेंबर १९१७ रोजी सेनापती ॲलन्बी जेरुसलेममध्ये शिरतो. या लढाईस क्रुसेड म्हणू नका असे ब्रिटिश सरकार वृत्तपत्रांना बजावते, कारण साम्राज्याच्या सैन्यात मुसलमानही लढत आहेत. तरी लंडनच्या ‘पंच’मध्ये ‘शेवटचे क्रुसेड’ म्हणून व्यंगचित्र येतेच. आणि अक्क्याच्या समोरचे हैफा बंदर २३ सप्टेंबर १९१८ रोजी जिंकतात ते जोधपूर व म्हैसूरचे हिंदुस्थानी घोडेस्वार! १९९३ मध्ये दमास्कसमध्ये सलाहुद्दीनचा भव्य पुतळा उभा राहतो. तिक्रीतच्याच परिसरात जन्मलेला सद्दाम हुसेन स्वतःस त्याचा वारस म्हणवितो, आणि १९८८ मध्ये सलाहुद्दीनच्याच जातीच्या कुर्दांची कत्तल करवितो. फेब्रुवारी १९९८ मध्ये बिन लादेन ‘ज्यू व क्रूसधारी’ यांच्याविरुद्ध फतवा काढतो. १६ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश आपल्या मोहिमेस क्रुसेड म्हणतात. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत स्वतःला टेंपलर म्हणविणारा एकजण ७७ माणसे मारतो, आणि त्यांत बहुतेक त्याच्याच देशातली कोवळी मुले असतात. पुन्हा शेजारीच, १०९६ प्रमाणे.

म्हणजे हे वैर रक्तातून आलेले नाही. ते मध्ये शेकडो वर्षे पेटीत पडून होते आणि गरज लागली तेव्हा गरजूंनी ते बाहेर काढले. जुने नाणे घासूनपुसून नव्या बाजारात चालवावे तसे. इतिहासाने आपणांस भांडण वारशाने दिले, असे जो म्हणतो त्याला आपण आमचे चार प्रश्न विचारावे. हाक कोण देतो आहे? बाहेर कोणाची मुले पडणार आहेत? पट्टी कोणावर बसणार आहे? आणि उद्या वेशीवर मोजणी होईल तेव्हा दहा दिनार खिशात असलेला कोण आणि नसलेला कोण? श्रद्धा आपली असते, तिच्याबद्दल कोणी लाज धरण्याचे कारण नाही. परंतु तिची हुंडी दुसऱ्याच्या नावावर लिहून देण्यापूर्वी वही उघडून पाहण्याचा हक्क आपला आहे, आणि तो हक्क कोणत्याही धर्माने काढून घेतलेला नाही.